सातवी जागा

एका खोलीत राहणाऱ्या माणसाने ट्रॉम्बोन घेऊ नये. बासरी घ्यावी, माउथ ऑर्गन घ्यावा, अगदीच राहवत नसेल तर शिट्टी वाजवावी. पण हौसेला मोल नसतं आणि अक्कल तर त्याहून नसते. तिने कॉलेजात असताना एका निवृत्त वादकाकडून जुना ट्रॉम्बोन घेतला, लग्नात तो माहेरच्या सामानाबरोबर आणला आणि मोठ्या शहरातल्या त्या एका खोलीत पलंगाखाली ठेवला. तिथे तो मगरीसारखा पडून असायचा.

या वाद्याला बटणं नसतात. एक लांब पितळी नळी पुढेमागे सरकवायची, ती थांबते तिथे सूर. अशा सात जागा. पहिली तोंडाजवळ आणि सातवी पार लांब, हात खांद्यातून सुटतो की काय असं वाटावं इतकी. नळी जितकी लांब जाईल तितका सूर खाली उतरतो. ती उभी राहायची तिथून दुसऱ्या जागेलाच समोरचं कपाट आडवं यायचं. मग ती कपाटाचं दार उघडायची आणि नवऱ्याच्या लटकत्या शर्टांमध्ये नळी खुपसून वाजवायची. त्यात दोन फायदे होते. शर्टांमुळे आवाज दबायचा, त्यामुळे वरच्या मजल्यावरचे गृहस्थ खाली यायचे नाहीत. आणि नळीला थोडी जागा मिळायची. पण सहाव्या जागेच्या अलीकडेच मागची फळी लागायची. ठक.

अंथरूण पाहून पाय पसरावेत, हे तिला लहानपणापासून शिकवलेलं. ती कपाट पाहून हात पसरायला शिकली. खालचे सूर आले की त्यांच्या जागी वरचे घ्यायचे, नाहीतर तेवढ्यात श्वास घेतल्याचं सोंग करायचं. तीन वर्षांत हे इतकं अंगवळणी पडलं की ठकसुद्धा होईनासं झालं.

मग गोटी झाली. गोटीला कागदोपत्री चांगलं भारदस्त नाव होतं, पण ती जन्मली तीच गोल आणि रांगायला लागली तीही घरंगळल्यासारखी. एका दुपारी आई वाजवत असताना गोटी घरंगळत कपाटात शिरली आणि शर्टांच्या मागे बसून राहिली. नळी पुढे आली, गोटीच्या कपाळाला लागली. ठक.

बारीकसं टेंगूळ आलं. संध्याकाळपर्यंत उतरलंसुद्धा. गोटी तर रडलीही नाही. डोळे मोठे करून म्हणाली, "थक!" तिचा पहिला शब्द. आज्जी, बाबा, पाणी, सगळं नंतर. नवरा हा किस्सा येईल त्याला हसत हसत सांगायचा. तीही हसायची. पण तेव्हापासून नळी पुढे सरकवण्याआधी तिचे डोळे खोलीभर फिरून गोटीला शोधून यायचे, आणि गोटी दिसली नाही तर हात तिथेच थिजायचा.

दुसऱ्या शहरात जायचं नवऱ्याने सुचवलं. तो इमारतींचे नकाशे काढायचा. त्याला एक टेबल आणि वीज मिळाली की कुठेही चाललं असतं.

"इथल्या भाड्यात तिथे तीन खोल्या येतात," तो म्हणाला. "आणि त्या गावात हौशी लोकांचा बँड आहे. मी चौकशी केली. खालचा ट्रॉम्बोन वाजवणारं माणूस शोधतायत."

"माझ्यासाठी गाव बदलायचं? आणि तिथे काही बिनसलं तर?"

"तर तीन खोल्यांत बसून रडू. इथे रडायलासुद्धा पाळीपाळीने बसावं लागतं."

फोनवर तिच्या आईने फार काही ऐकून घेतलं नाही. "अगं, नोकरीसाठी गाव बदलतात, शाळेसाठी बदलतात. पिपाणीसाठी गाव बदललेलं मी नाही बाई ऐकलं!"

"आई, ट्रॉम्बोन आहे तो."

"मोठी पिपाणी."

नवं घर बघून तिचा जीव हरखला. तीन खोल्या, प्रत्येकीला खिडकी, आणि पुढची खोली इतकी लांब की गोटी एका टोकाकडून धावत सुटली की दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत कशासाठी निघालो हे विसरायची. सामान आलं. हमालांनी विचारलं, कपाट कुठे? तिने विचार न करता हात दाखवला. पलंग? इथे. पाळणा? त्याच्या बाजूला. संध्याकाळी नवरा दारात उभा राहिला आणि बघतच राहिला.

मधल्या खोलीत तिने जुनं घर जसंच्या तसं मांडलं होतं. पलंगाच्या पायथ्याशी पाळणा, पाळण्याला खेटून टेबल, समोर कपाट. चालायला तेवढीच चिंचोळी पट्टी. बाकीच्या दोन खोल्यांमध्ये चिटपाखरू नव्हतं.

"अगं, आपण जागेसाठी आलो ना?"

"गोटीला नवी जागा आहे. सगळं एकदम बदललं तर झोपणार नाही ती."

"गोटी पुढच्या खोलीत फरशीवर झोपलीय. केव्हाची."

तिने डोकावून पाहिलं. गोटी रिकाम्या खोलीच्या मधोमध हातपाय चारी दिशांना टाकून घोरत होती. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तशातली गत. तिने गोटीवर पांघरूण टाकलं. कपाट मात्र हललं नाही.

काम लगेच मिळालं. दातांच्या कवळ्या करणाऱ्या एका छोट्या कारखान्यात ती जायला लागली. मेणात दात बसवायचे, चिमट्याने एकेक सरळ करायचा, मग प्लॅस्टरच्या साच्यात दाबायचं. डॉक्टरांकडून लोकांच्या जबड्यांचे ठसे यायचे. त्यामुळे हे गाव तिला आधी दातांनी ओळखीचं झालं आणि माणसांनी नंतर. बाजारात कोणी मनापासून हसलं की तिला वाटायचं, ही खालची ओळ आपलीच.

बँडची तालीम अग्निशमन केंद्रात व्हायची. बंब बाहेर अंगणात काढायचे आणि त्यांच्या जागेत खुर्च्या मांडायच्या. भोंगा वाजला की सगळ्यांनी वाद्यांसकट भिंतीला चिकटायचं, हा पहिला नियम. बँड चालवणाऱ्या मास्तरीणबाई दिवसा लोकांना गाडी शिकवायच्या, संध्याकाळी संगीत. भाषा एकच.

"क्लच हळू सोडा, क्लॅरिनेटवाले! गचके बसतायत. ड्रम, पुढच्याला एवढं खेटून नका चालवू. चला, रिव्हर्स घ्या, दुसऱ्या पानापासून."

तिच्या शेजारच्या खुर्चीत दुसरा ट्रॉम्बोन होता. पोस्टमनकाका. निवृत्त झाले होते, पण अजून कुणाशीही बोलताना दारात उभं असल्यासारखं बोलायचे, आटोपशीर.

"वरचं मी बघतो. खालचं तुम्ही. आमचा खालचा गडी गाव सोडून गेला. तेव्हापासून बँड टेकायला काही नसल्यासारखा वाजतो."

ती हसली. खालचं. म्हणजे सहावी आणि सातवी जागा. म्हणजे जे सूर तिने सहा वर्षांत वाजवलेच नव्हते.

पहिली तालीम तिने सवयीच्या चलाखीवर निभावली. खालचा सूर आला की वरचा घेतला. तेही जमत नसेल तिथे पान उलटलं. तालीम संपल्यावर मास्तरीणबाई खुर्च्या उचलता उचलता जवळ आल्या.

"हात चांगला आहे तुमचा. सूर स्वच्छ आहे. पण तुम्ही चौथ्या गिअरच्या पुढे जात नाही."

"सवय करतेय." तिचे कान लाल झाले.

"करा की. रविवारी बागेत कार्यक्रम आहे. आपल्याकडे एक रीत आहे, माहितीय ना? नवीन माणूस आलं की शेवटचा सूर त्याचा. सगळे थांबतात, तो एकटा वाजतो. तो लागला की माणूस बँडचा झाला."

"शेवटचा सूर कुठला आहे?"

मास्तरीणबाईंनी तिच्याच कागदावर बोट ठेवलं. कागदावरच्या सगळ्या रेघांच्या खाली, एकटाच, विहिरीत पडलेल्या नारळासारखा एक सूर. सातवी जागा.

"वरचा घेतला तर..." तिने हळूच विचारलं.

"लोक टाळ्या वाजवतील. त्यांना काय कळतंय. पण बाई, वरचे वाजवणारे माझ्याकडे खंडीभर आहेत. मला तळाचं माणूस हवंय. नाही जमलं तर राग नाही. पुढच्या महिन्यात आणखी एक जण येतोय बघायला."

घरी येईपर्यंत तिने मनातल्या मनात सगळं सामान परत बांधलं होतं. नवऱ्याने मित्र सोडले, आई लांब राहिली, गोटीचं पाळणाघर सुटलं, आणि हे सगळं कशासाठी? तर एका बाईचा हात पुरत नाही हे कळण्यासाठी. तिला आईचा आवाज ऐकू येत होता. मोठी पिपाणी.

"मग काय म्हणाल्या?" नवऱ्याने विचारलं. त्याच्या पाठीवर गोटी घोडा घोडा करत होती.

तिने सगळं सांगितलं. तो ऐकत होता आणि ऐकता ऐकता पुढच्या खोलीतल्या दोन खुर्च्या भिंतीला लावत होता.

"ये इकडे. इथे उभी राहा. समोर काय आहे?"

"काही नाही."

"कपाट?"

"नाही."

"फळी? वरचे गृहस्थ?"

"वरती गच्ची आहे रे."

"मग वाजव."

तिने वाजवलं. पहिली, दुसरी, तिसरी. खोली इतकी मोकळी की आवाज भिंतीला लागून परत यायचा, आणि परत आलेला आपला आवाज ऐकून तीच दचकायची. चौथी. पाचवी. हात थांबला. जणू हवेतच फळी ठोकलेली. तिने पुन्हा केलं. पुन्हा तिथेच. कोपर आखडायचं, कान ठक ऐकायला टवकारायचे, आणि ठक व्हायच्या आधीच हात मागे.

"हे असं काय होतंय?" ती रडकुंडीला आली. "हात पुरतो रे माझा! बघ!" तिने वाद्य खाली ठेवून नुसता हात लांब केला. चांगला ऐसपैस पुरला. वाद्य उचललं की पुन्हा पाचवर.

गोटी टाळ्या वाजवत होती. "थक नाही! आई, थक कर!"

नवरा बराच वेळ तिच्याकडे बघत होता. माणूस नकाशे काढणारा. कुठली भिंत कुठे आहे हे बघायची त्याला सवयच.

"एक सांगू? रागवू नकोस. पाचव्या जागेवर आलीस की तू समोर बघतच नाहीस. डावीकडे बघतेस, मग उजवीकडे, मग खाली. गोटी कुठाय ते. आणि तेवढ्यात श्वास संपतो तुझा."

"बघणारच ना! लागलं तर परत?"

"अगं, दीड वर्ष झालं. टेंगूळ त्याच दिवशी उतरलं होतं."

"तुझ्यासाठी उतरलं," ती म्हणाली.

मग त्याने गोटीला उचललं, तिच्या कपाळाचा मुका घेतला आणि म्हणाला, "बरं. रविवारी मी हिला घट्ट धरून बसेन. अगदी तुझ्या समोर, पहिल्या रांगेत. तुला दिसत राहील. मग तर झालं?"

तो आठवडा तिने कवळ्यांमध्ये काढला. एका आजोबांच्या वरच्या ओळीत तिने पुढचा दात जरा आत बसवला. मालकीणबाईंनी भिंगातून पाहिलं. "एवढं अंग चोरून का बसलाय हा? बाहेर काढ त्याला. जागा आहे पुढे." तिने चिमट्याने दात बाहेर ओढला आणि एकटीच हसली. आता जबडेसुद्धा तिला टोमणे मारायला लागले होते.

संध्याकाळी ती पुढच्या खोलीत उभी राहायची. गोटी आणि बाबा बाहेर फिरायला गेले की हात सहावीपर्यंत जायचा. एकदा तर सातवीला टेकून आला आणि असा काही आवाज निघाला की जणू म्हैस चिखलातून उठतेय. तिला तेवढ्यानेही आनंद झाला. पण दारात गोटीच्या बुटांचा आवाज आला की पुन्हा पाच.

रविवारी बाग माणसांनी भरली. सतरंज्या, खुर्च्या, सायकली, झाडावर चढलेली पोरं. ऊन कोवळं होतं आणि सगळ्यांची पितळी वाद्यं त्यात अशी लखलखत होती की मास्तरीणबाई काळा चष्मा लावून उभ्या राहिल्या.

"सीटबेल्ट बांधा," त्या म्हणाल्या. "निघतोय."

पहिली गाणी मजेत गेली. पोस्टमनकाका वरचे सूर असे टाकत होते की जणू पत्रं थेट पेटीत. ती खाली सहाव्या जागेपर्यंत जाऊन यायला लागली, कारण समोर पहिल्या रांगेत नवऱ्याच्या मांडीवर गोटी बसलेली दिसत होती, बिस्किटाने माखलेली, पायातला एक बूट गायब. दिसतेय तोवर ठीक.

शेवटचं गाणं सुरू झालं. हळूहळू चढत जाणारं, मग एकेक वाद्य गळत जाणारं. क्लॅरिनेट थांबले. ट्रम्पेट थांबले. तिने समोर पाहिलं.

नवऱ्याची मांडी रिकामी होती.

तो उभा राहून मागे बघत होता, पुढे बघत होता, हाताने 'काही नाही, काही नाही' अशी खूण करत होता, आणि ती खूण बघूनच तिला कळलं, काहीतरी आहे. गोटी कुठे? सायकलींकडे? रस्त्याकडे? पोस्टमनकाकांनी त्यांचा सूर सोडला आणि वाद्य मांडीवर ठेवलं. ड्रम थांबला. आता सगळी बाग गप्प होणार आणि पुढचा सूर तिचा. मास्तरीणबाईंचा हात वर गेला.

तेवढ्यात तिच्या कोटाला मागून ओढ बसली.

लहानशी, चिकट, ओळखीची ओढ. मूठभर कापड धरून कोणीतरी तिच्या खुर्चीमागे उभं होतं आणि तिच्या पाठीला गाल लावून श्वास घेत होतं. बिस्किटाचा वास आला. मागे वळून बघायची गरजच नव्हती. गोटी मागे होती. नळीच्या वाटेत कोणी नव्हतं. पहिल्या रांगेपर्यंत नुसतं गवत होतं, आणि लोकांच्या डोक्यांपलीकडे दूर कारंजं.

मास्तरीणबाईंचा हात खाली आला आणि तिने नळी सोडली. पाचवी आली आणि गेली. सहावी गेली. खांदा सैल झाला, कोपर उघडलं, नळी बोटांच्या अगदी टोकावर येऊन थांबली, आणि तिथे, सगळ्यात लांब, तो सूर होता. जाड, उबदार, जमिनीला टेकलेला. पोस्टमनकाकांच्या खुर्चीची फळी थरथरली. तो सूर शर्टांत दबला नाही, फळीवर आपटला नाही, परत फिरून आला नाही. तो नुसताच गेला, गवतावरून, सायकलींवरून, पलीकडे. तिला श्वास पुरेल की नाही याची भीती वाटायला हवी होती, पण भीतीला त्या क्षणी फुरसत नव्हती.

सूर संपला. बाग अजून ऐकत होती. त्या शांततेत खुर्चीमागून खणखणीत आवाज आला.

"आई! थक कुठे गेलं?"

आधी पोस्टमनकाका हसले, मग ड्रमवाला, मग मागच्या ओळी, मग काही न कळताच सगळी बाग. टाळ्या त्यानंतर आल्या. नवरा धापा टाकत खुर्च्यांमधून वाट काढत पोचला. त्याच्या हातात एक बूट होता.

"घट्ट धरणार होतास ना?" तिने विचारलं. तिचे डोळे वाहत होते आणि तोंडभर हसू होतं.

"बूट घट्टच धरला होता गं. ही त्यातून निसटली!"

मास्तरीणबाईंनी काळा चष्मा डोक्यावर सरकवला. "गाडी लागली जागेवर," त्या म्हणाल्या. "गुरुवारी तालमीला वेळेवर या. आणि ही पोरगी पण आणा. बिनहॉर्नची गाडी काय कामाची."

त्या संध्याकाळी कपाट हललं. दोघांनी ढकलत ढकलत ते शेवटच्या खोलीत नेलं, आणि सगळा वेळ गोटी आत बसून, शर्टांतून डोकं काढून, डावीकडे घ्या उजवीकडे घ्या असे हुकूम सोडत होती. पलंग खिडकीखाली गेला. पाळणा कुठेच गेला नाही, कारण गोटीने त्यात झोपायला साफ नकार दिला. तिला फरशी हवी होती, मधोमध.

आईचा फोन आला. "मग? झाला का कार्यक्रम? ऐकू आली का कोणाला तुझी पिपाणी?"

"थांब, ऐकवते," ती म्हणाली. तिने फोन खिडकीत ठेवला, खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन उभी राहिली आणि गोटीला हाक मारली. गोटी धावत आली, न सांगताच मागे गेली आणि तिचा कुडता मुठीत धरला.

"धरलंस?"

"धललं."

मग तिने हात लांब केला. पूर्ण.